नखावरची गोचीड

गोचिडीला माझ्या तोंडून कधी शिवी जात नाही. लोकांना नवल वाटतं. सगुणाची जीभ एवढी तिखट, आणि जिच्यापायी घरातलं माणूस गेलं तिला एक वाईट शब्द नाही? अहो, ती रक्त पिते कारण तिला दुसरं काही खाता येत नाही. पोट भरलं की गुमान गळून पडते. मी शिव्या राखून ठेवल्यात त्या ज्यांचं पोट कधी भरतच नाही त्यांच्यासाठी. त्यांचीच गोष्ट सांगते, आणि सांगताना आवाज चढला तर चढू दे.

मी सगुणा येडगे, भैरीच्या खोऱ्यातली आशाताई, घरोघर सरकारी औषधं पोचवणारी. सासर खालच्या वाडीत, माहेर वरच्या वाड्यावर. वरचा वाडा म्हणजे जंगलाला पाठ लावून बसलेली धनगरांची घरं, आणि प्रत्येक घराला घरापेक्षा मोठा गोठा. आमच्या म्हशी दिवसा ज्या तळीत डुंबतात, त्याच तळीवर पहाटे गवे उतरतात. गवे गेले की त्यांच्या अंगावरून गळलेल्या गोचिड्यांची पिल्लं गवताच्या शेंड्यावर पाय पसरून बसतात, आणि पुढं येईल त्या जनावरावर चढतात. गवा आणि म्हैस कधी समोरासमोर येत नाहीत, पण गोचिडी त्यांच्यातल्या सामाईक.

आई गेली तेव्हा मी दोन-तीन वर्षांची होते. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, बमूला, ठकूआत्तीनं वाढवलं. आत्ती म्हणजे बापाची बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आतच नवरा गेला, तशी ती माहेरी आली ती कायमची. जंगलवस्तीची मोजणी झाली त्या दिवशी बाप खवा विकायला गेला होता आणि दारात आत्ती उभी होती. मोजणीवाल्यानं घर तिच्याच नावावर लिहिलं. बाप आयुष्यभर चेष्टेनं म्हणायचा, मी माझ्या बहिणीचा भाडेकरू.

त्या काळात दर उन्हाळ्यात गव्याचा ताप यायचा. अंग फणफणायचं, तळहातावर लाल पुरळ उठायचं, आणि वेळेत गोळी मिळाली नाही तर माणूस हातचं जायचं. तालुक्याचं हॉस्पिटल घाटाखाली. वेळेत म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

मग नाडकर्णी मॅडम आल्या. डॉक्टर इरावती नाडकर्णी, पुण्याकडच्या. पांढरा बंद पोशाख, मोज्यात खोचलेली विजार, हातात दोन-दोन हातमोजे. आत्तीनं त्यांना बघून मला विचारलं, "ह्या चंद्रावर निघाल्यात व्हय गं?" मॅडम पण हसल्या. वाईट बाई नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मी तिच्यावर जाळ काढणार आहे.

अंगणातल्या दगडावर बसून त्यांनी मला समजावलं होतं. "सगुणाताई, गोचिडीच्या पोटात जिवाणू राहतात. काही तिच्या उपयोगाचे, काही नुसते भाडेकरू. तापाचा जिवाणू तसला भाडेकरू. तो गोचिडीच्या अंड्यांत उतरतो, त्यामुळं पिल्लं जन्मतात तीच ताप घेऊन."

"मग माराव्यात की सगळ्या."

"फवारून झालं. औषधाला त्या सरावल्या. पण एक गंमत आहे. एका गोचिडीच्या अंड्यांत या कुळातली एकच जात राहू शकते. एकीनं आधी जागा धरली की दुसरीला आत शिरताच येत नाही."

"एसटीत रुमाल टाकल्यासारखं."

"अगदी! तर आम्ही तापाच्या जिवाणूचाच एक गरीब भाऊ तयार केलाय. त्याची ताप आणणारी जनुकं काढून टाकलीत. त्याला आम्ही 'राखण' म्हणतो. तो गोचिडीत जागा धरेल आणि पुढच्या पिढ्यांत खऱ्याला शिरू देणार नाही. शिवाय अशी गोचीड माणसाला चावली, तर तो माणसाच्या अंगात गुपचूप मुरून राहतो. तो आहे तोवर खरा ताप आला तरी शरीर ओळखून परतवतं. लस, पण सुईऐवजी गोचीड."

"आणि कुणाच्या अंगात राखण हाय, कुणाला खरा ताप, हे कळणार कसं?"

मॅडमच्या डोळ्यांत चमक आली. याच प्रश्नाची वाट बघत होत्या. "राखणीला आम्ही एक खूण लावलीय. निसर्गात कुठंच नसलेलं एक प्रथिन. बोटातून थेंबभर रक्त पट्टीवर टाकायचं. ताप असेल तर लाल रेघ, राखण असेल तर निळी."

परवानगी फक्त गाभ्यात सोडायची मिळाली. गाभा म्हणजे कुंपणाच्या आतलं, गव्यांचं जंगल. कुंपण माणसांसाठी, गवे ते ओलांडून आमच्या तळीवर येतातच. राखणीच्या गोचिडींची पिल्लं गव्यांच्या वाटांवर सोडली. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, आणि भैरीच्या खोऱ्यातून ताप नाहीसा झाला. मी माझ्या हातांनी मॅडमची ओटी भरली. आत्तीनं त्यांना चरवीभर दूध दिलं आणि त्यांची दृष्ट काढून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

इथवर सगळं चांगलं. इथून पुढं माणसं आली.

जगातले धूर सोडणारे कारखाने आता दुसऱ्याच्या जंगलाच्या श्वासाचे पैसे मोजतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमचं जंगल 'हरितश्वास' नावाच्या कंपनीनं करारानं घेतलं. अट एकच, गाभ्यात माणूस दिसता कामा नये. ज्या घरातलं माणूस आत गेलं, त्या घराचा वाड्यावरचा हक्क रद्द. त्या घरानं हायवेच्या कडेला बांधलेल्या खोल्यांत जायचं. तिथं म्हशींना जागा नाही. म्हशी नाहीत तर आम्ही कोण, हे करारात कुठं लिहिलेलं नव्हतं.

कंपनीनं झाडाझाडावर कॅमेरे लावले. आमच्याकडं आठ महिने पाऊस आणि धुकं, कॅमेऱ्यात पांढऱ्याशिवाय काही येईना. तेव्हा कुणा हुशार डोक्यात आलं, की राखणीच्या गोचिड्या सोडल्यात फक्त गाभ्यात. मग ज्याच्या रक्तात निळी रेघ, तो गाभ्यात जाऊन आलेला. साक्षीदार नको, फोटो नको. माणसाच्याच रक्तानं माणसाची चुगली करायची.

मला यातलं काही सांगितलं नाही. मला पट्ट्यांचे खोके दिले आणि म्हणाले, ताप खरंच संपलाय का ते बघायचंय. मी घरोघर हिंडले, लोकांची बोटं टोचली. लोकांनी हात पुढं केले, कारण टोचणारी मी होते, त्यांच्याच वाड्यावरची पोर. आत्तीचं बोट टोचताना ती म्हणाली, "हळू गं, सगुणे. म्हातारीचं रक्त हाय, महाग असतंय." निळी रेघ उमटली. मी खूश होऊन तिला दाखवली. "आत्ते, राखण हाय तुझ्या अंगात!"

पुढच्या आठवड्यात नोटिसा आल्या. जवळजवळ अख्ख्या वरच्या वाड्याला.

सुनावणी शाळेत झाली. कंपनीचा करार अधिकारी आला होता, प्रणव कारखानीस नावाचा. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज, आणि बोलता बोलता अंगठ्याच्या नखाकडची कातडी कुरतडायची सवय. बाजूला नाडकर्णी मॅडम, खाली मान घालून. आत्तीला बमूनं पाठंगुळीला घेऊन आणलं होतं. तिचे गुडघे केव्हाच गेलेले.

"ठकूबाई झोरे," कारखानीस म्हणाले. "आजी, तुम्ही गाभ्यात गेला होता."

"मी?" आत्तीनं इकडंतिकडं बघितलं, जणू मागं दुसरी कुणी ठकूबाई उभी असेल. "सायेब, मला परसाकडं जायला बमूच्या बायकूचा हात धरावा लागतोय. मी कधी गेले रानात?"

वर्गात हसू फुटलं. कारखानीस पण हसले. "आजी, माणूस खोटं बोलू शकतं. रक्त नाही. मी स्वतः आजवर गाभ्यात पाऊल टाकलेलं नाही, माझी पट्टी कोरी आहे. नियम सगळ्यांना सारखा."

मी उठले. "साहेब, आमच्या म्हशींवर पण त्याच गोचिड्या असतात. तळीवर चढतात."

"असतील," ते म्हणाले. आणि अहवाल उघडला. "पण आमचे तज्ज्ञ सांगतात, म्हशीला चिकटलेली गोचीड पोट भरेपर्यंत म्हैस सोडत नाही. ती म्हशीवरून उतरून माणसाला चावत नाही. हे शास्त्र आहे, ताई. बरोबर ना, मॅडम?"

मॅडम म्हणाल्या, "हो. ते बरोबर आहे."

आणि ते बरोबरच होतं. तेच तर माझ्या टाळक्यात गेलं. एकेक वाक्य खरं, आणि सगळं मिळून धडधडीत खोटं.

आमच्या वाड्यावर संध्याकाळी धार काढायच्या आधी बायका-पोरं म्हशींना टेकून बसतात आणि गोचिड्या वेचतात. कान, आचळाचं मूळ, शेपटीखाली. वेचलेली गोचीड आम्ही चुलीत टाकत नाही. तिच्या पोटात म्हशीचं रक्त असतं, आणि म्हशीचं रक्त जाळलं तर आचळ सुकतं, असं आमच्याकडं मानतात. जमिनीवर टाकली तर परत चढते. म्हणून नखावर घ्यायची आणि दुसऱ्या नखानं टच् करून चिरडायची. आत्तीला गुडघ्यांमुळं दुसरं काम होत नव्हतं, म्हणून ती म्हशीशेजारी पाट घेऊन तासन् तास हेच करायची. तिची अंगठ्याची नखं कायम काळपट आणि कडेची कातडी भेगाळलेली. गोचिडीला चावायची गरजच काय? तिच्या पोटातलं सगळं सरळ त्या भेगेत.

मी हे सगळं वर्गात ओरडून सांगितलं. कारखानिसांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चिरडण्याबद्दल अहवालात काही नाही."

सुनावणी संपल्यावर मी मॅडमना जीपपाशी गाठलं. "बोला की! आत दातखीळ बसली होती का?"

त्या पांढऱ्या पडल्या होत्या. "सगुणाताई, तुम्ही म्हणता ते शक्य आहे. फार शक्य आहे. आम्ही चावण्याचाच विचार केला. गोचीड कुणी नखावर चिरडत असेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"मग हेच आत सांगायचं."

"सिद्ध करावं लागेल. माणसांवर प्रयोग, त्याची परवानगी... वर्ष जाईल. आणि माझी प्रयोगशाळा आता कंपनीच्याच पैशावर चालते. मी उघड विरोधात गेले तर राखणीचं कामच बंद पाडतील."

"म्हणजे राखण राहू दे, माणसं गेली तरी चालतील."

"असं म्हणू नका हो."

"मग कसं म्हणू? तुम्हीच सांगा, तसं म्हणते."

जीप गेली. मी धुरळ्यात उभी राहून जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या. ऐकायला फक्त शाळेचा शिपाई होता, आणि तो बिचारा मान डोलवत होता.

मग कारखानीस स्वतः वाड्यावर आले, मिठाई घेऊन. म्हणाले, कंपनी निर्दय नाही. एक वाट आहे. तापावर जी गोळी देतात, तीच गोळी काही आठवडे रोज घ्या. अंगातली राखण मरते, निळी रेघ पुसते. पुढच्या तपासणीत ज्याची पट्टी कोरी, त्याला 'साफ' दाखला आणि घर कायम. गोळ्या कंपनी फुकट देईल.

"आणि ढाल?" मी विचारलं. "राखण मेल्यावर खरा ताप आला तर?"

"ताप संपलाय, ताई. तुमच्याच पट्ट्या सांगतात."

"ताप संपलाय तो राखणीमुळं. सगळ्या गोचिडींत राखण अजून शिरलेली नाही. खऱ्यावाल्या आहेत रानात. आम्हाला काही होत नाही ते आमच्या अंगात ढाल आहे म्हणून."

"धोका काही नाही," ते म्हणाले आणि अंगठा तोंडाशी नेला.

घरात त्या दिवशी माझं आणि बमूचं कडाक्याचं वाजलं. तो म्हणाला, "आक्का, तुझं घर खालच्या वाडीत. तुला नोटीस न्हाई. बोलायला काय जातंय तुझं?"

"आरं, तिच्या जिवाचं बोलतेय मी!"

"आणि म्या कुणाच्या जिवाचं बोलतोय? हायवेच्या कडंला सिमेंटच्या खोलीत ती चार दिस जगंल का? म्हशीबिगर? तूच सांग. घर तिच्या नावावर हाय. ती साफ निघाली तर अख्खं घर वाचतंय."

त्याचंही खोटं नव्हतं. आणि म्हणूनच आजही त्याच्यावरचा राग कुठं ठेवावा कळत नाही. त्या माणसांनी असा पेच टाकला होता की भाऊ बहिणीला बरोबर वाटत होता आणि बहीण भावाला.

आत्तीनं दोघांनाही गप्प केलं. "भांडू नगा. आण ती गोळी. आयुष्यात पयल्यांदा माझ्या नावावरच्या घरासाठी माझा उपेग व्हतोय."

गोळ्या सगळ्यांनीच घेतल्या. पण बाकीच्यांना म्हशींपासून लांब राहून कसं चालणार? धार कोण काढणार? त्यांच्या नखांतून राखण परत शिरली. आत्तीला मात्र बमूनं गोठ्यात येऊ दिलं नाही. तिची खाट पुढच्या पडवीत टाकली. मोरी नावाची तिची लाडकी म्हैस तिच्या आवाजाला हंबरायची, आणि ही खाटेवर बसून रिकाम्या अंगठ्यावर अंगठा घासायची. मी जाईन तेव्हा म्हणायची, "हातास्नी काम न्हाई गं. हात उपाशी हायत."

मग मी प्रशिक्षणासाठी कोल्हापूरला गेले. त्याच आठवड्यात एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मोरी सारखी ओरडत होती. आत्ती भिंत धरत, बसत-उठत गोठ्यात गेली. मोरीच्या कानात गोचिड्यांचा घोस लटकला होता. कुठली आई बघत बसेल? तिनं त्या वेचल्या आणि नखावर घेतल्या. त्यांतली एक खऱ्यावाली होती. ढाल असती तर तिला शिंकही आली नसती.

ताप आला तेव्हा तिनं तो लपवला. पदराखाली हात झाकून बसायची, तळहातावरचं पुरळ दिसू नये म्हणून. ताप आहे म्हटलं तर बोट टोचतील, बोट टोचलं तर रेघ निघेल, रेघ निघाली तर घर जाईल. लाल रेघ आणि निळी रेघ यातला फरक तिला मी शिकवला होता. पण माणूस एकदा रेघेला भ्यालं की रंग बघत नाही. बमूच्या लक्षात आलं तेव्हा तोही भ्याला. तपासणीचं रक्त नेलं होतं, पण निकाल अजून लागायचा होता. आत्तीनंच त्याचा हात धरून सांगितलं, "दोन दिस थांब, उतरंल." तो थांबला.

मी परतले ती सरळ वर चढले. आत्तीनं मला ओळखलं नाही. मला ती माझी आई समजली आणि म्हणाली, "वैनी, पोरगी झोपलीया, आवाज करू नगा."

मी गोळीसाठी घर उपसलं. एकही उरलेली नव्हती. बाकीचे डबे कंपनीनं मोजून परत नेले होते. माझ्या पेटीतला गोळ्यांचा साठा तर ताप संपला म्हणून सरकारनं केव्हाच बंद केलेला. म्हणजे बघा, ढाल पुसायला जी गोळी रोज दारात येत होती, तीच गोळी जीव वाचवायला साऱ्या वाड्यात नव्हती. बमूनं तिला पाठंगुळीला घेतलं आणि आम्ही घाट उतरायला लागलो. अर्ध्या घाटात तो थांबला. मला म्हणाला, "आक्का, आत्ती लई जड झाली गं." मला कळलं.

मी त्याला मारलं. भर घाटात, आत्ती त्याच्या पाठीवर असताना, त्याच्या दंडावर, तोंडावर, हात लागेल तिथं. तो हलला नाही. मग मी रडायला लागले तेव्हा म्हणाला, "मार अजून."

तिचं दिवसकार्य होऊन थोडे दिवस झाले आणि दुसरी सुनावणी लागली. या वेळी वाड्याच्या अंगणातच, भर उन्हात, टेबल टाकून. तपासणीचं रक्त आत्तीला ताप यायच्या आधीच नेलं होतं. कारखानीस एकेक नाव वाचत गेले. निळी, निळी, निळी. बमू झोरे, निळी. बायका अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. नाडकर्णी मॅडम टेबलाच्या टोकाला, हातात तेच दुहेरी मोजे.

"ठकूबाई झोरे," कारखानिसांचा चेहरा उजळला. "साफ! बघा, एका वयस्क आजींना जमलं, ते तुम्हा तरुणांना जमलं नाही. कुठाहेत आजी? त्यांना माझ्या हातानं दाखला द्यायचाय."

बायांनी पदर तोंडाला लावले. बमू म्हणाला, "त्या न्हाईत."

"बाहेर गेल्यात?"

"मेली," मी म्हटलं. "गव्याच्या तापानं. तुमच्या गोळीनं साफ झाली आणि मेली."

मॅडमनी टेबलाची कड धरली. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कारखानिसांनी मान खाली घातली, बरोब्बर जेवढा वेळ घालायची असते तेवढाच वेळ. मग म्हणाले, "फार वाईट झालं. पण ताई, नियम..."

मी गोठ्यात गेले. मोरीच्या कानामागं हात घातला आणि टपोऱ्या, करड्या गोचिड्या वेचून मुठीत घेतल्या. परत आले आणि कारखानिसांच्या कागदांवर मूठ उघडली. त्या पाय हलवत रांगायला लागल्या. ते खुर्चीसकट मागं सरकले.

"साहेब, तुमचा अहवाल काय म्हणतो? म्हशीवरच्या गोचिडीनं माणसाला राखण मिळत नाही."

"हो, पण हे काय चाललंय—"

"ताप पण येत नाही."

"म्हशीवरून नाही. ते शास्त्रानं—"

"आणि तुमची पट्टी कोरी. तुम्ही गाभ्यात कधी पाऊल टाकलेलं नाही. तुम्हीच सांगितलंत." मी एक गोचीड उचलली. "मग आणा अंगठा इकडं. नखावर ठेवते. दुसऱ्या नखानं दाबा, टच् वाजेल, झालं. पंधरवड्यानं मी तुमचं बोट टोचते. रेघ आली नाही तर हा अख्खा वाडा आपल्या पायांनी हायवेला जाईल. मी शब्द देते."

"आक्का!" बमू ओरडला.

"गप तू."

कारखानिसांनी आपल्या अंगठ्याकडं बघितलं. नखाकडेची कातडी कुरतडून लाल झाली होती, ताजी, ओलसर. सगळ्यांनी बघितली. पोरांनी मोबाइल वर धरले होते. त्यांनी अंगठा मुठीत झाकला आणि मूठ खिशात घातली.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. "यात धोका आहे."

"कसला?"

ते मॅडमकडं बघायला लागले.

"कसला धोका, साहेब? मोठ्यानं सांगा. म्हशीवरच्या गोचिडीनं काय होतं? माझ्या आत्तीला सांगितलंत, धोका काही नाही, गोळी घे. आता हात खिशात का गेला? काढा बाहेर! काढा की!"

माझा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. ते उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. हात खिशातून निघाला नाही.

तेव्हा नाडकर्णी मॅडम उठल्या. त्यांनी एक मोजा काढला, मग त्याच्या आतला दुसरा काढला. त्यांचा हात मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा उघडा बघितला. गोरा, बारीक बोटांचा, साध्या माणसाचा हात. टेबलावरच्या पिनेनं त्यांनी नखाच्या कडेला एक ओरखडा काढला.

"माझी पट्टी दर महिन्याला कोरी येते," त्या म्हणाल्या. "त्याची नोंद माझ्याच प्रयोगशाळेत आहे. मला द्या."

"खऱ्यावाली निघाली तर?" मी विचारलं.

"तर लाल रेघ येईल. तीही म्हशीवरूनच आलेली असेल."

मी त्यांना अडवायला हवं होतं, असं नंतर लोक म्हणाले. मी अडवलं नाही. मी गोचीड त्यांच्या नखावर ठेवली. त्यांना चिरडता येईना, ती सारखी निसटत होती. शेवटी बमूनं पुढं होऊन दाखवलं, असं आडवं धरायचं. टच् आवाज आला. काळं रक्त नखावरून ओरखड्यात उतरलं.

पंधरवड्यानं मॅडमची रेघ निळी आली. पुढं कोर्टात त्या स्वतः उभ्या राहिल्या, आणि पुराव्यात खिशातल्या हाताचा व्हिडिओ लागला. घरं राहिली, म्हशी राहिल्या. पट्टीवरून कुणाला बाहेर काढायचं बंद झालं. कारखानिसांची बदली झाली, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी खोऱ्यात ते अंगठा चावत बसले असतील. मॅडमना मी माफ केलं का, असं लोक विचारतात. नाही केलं. त्या येतात, मोजे न घालता मोरीशेजारी बसून गोचिड्या वेचतात, मी त्यांना चहा देते. पण माफ नाही. जे त्या दिवशी अंगणात जमलं, ते आधी शाळेत जमलं असतं.

बमू आता माझ्याशी बोलतो. आत्तीची खाट त्यानं पडवीतून हलवलेली नाही.

कारखानिसांनी घाईत टेबलावरच सोडलेला दाखला मी उचलून आणला होता. त्यावर कंपनीचा हिरवा शिक्का आहे आणि ठळक अक्षरांत आत्तीचं नाव. तो मी गोठ्यात मोरीच्या खुंट्यावर, नजर जाईल असा लावलाय. नवा अधिकारी, नवा डॉक्टर, कुणीही वाड्यावर आलं की आधी त्याला तिथं नेते आणि वाचायला लावते. वाचून झालं की सांगते, आमच्या अख्ख्या वाड्यात एकच माणूस साफ निघालं, आणि त्याला आम्ही माती दिली.